औषधार्थ लसूण : एक धर्मशंका

ज्या घरात देवाच्या नैवेद्याचे सोवळे सांभाळले जाते, त्या घरच्या मुलाने लसणीवर लेख लिहावा, हे काहींना अप्रशस्त वाटेल. तरीही सभासद कुटुंबांपुढे हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहे. या लहानशा कंदापायी गेल्या वर्षी माझ्या हातून एक अपराध घडला, आणि त्याचा विचार अद्याप मनातून गेलेला नाही.

आमच्या इंदुरास लसणीचा तोटा नाही. मंदसौर-नीमचकडून ती गाड्या भरभरून येते. आमच्या स्वयंपाकघरात मात्र तिला चातुर्मासातच काय, बाराही महिने प्रवेश नाही. कांदेनवमीचा थाट आम्ही शेजाऱ्यांच्या घरून येणाऱ्या वासावरूनच ओळखतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण द्विजांस अभक्ष्य म्हटली आहे. जाणूनबुजून खाणारा पतित होतो. नकळत खाणाऱ्यास प्रायश्चित्त आहे. हा ‘जाणून’ आणि ‘नकळत’ यांतला भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मौज अशी की, ज्या वाग्भटाने राहूच्या गळ्यातून सांडलेल्या अमृतबिंदूंपासून लसूण उपजल्याची कथा सांगितली, आणि दैत्यदेहाच्या संपर्कामुळे द्विज ती खात नाहीत असे नमूद केले, त्यानेच तिला श्रेष्ठ रसायन मानले. चरकाने गुल्मरोगात दुधात शिजविलेली लसूण सांगितली आहे. सहा रसांपैकी केवळ आम्ल रस उणा, म्हणून ती ‘रसोन’, अशी या नावाची फोड करतात. 1890 साली बॉवर नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती मध्य आशियात जे प्राचीन हस्तलिखित आले, त्यात तर एक अजब तोड आहे : गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, मग गवतात लसणीची पात मिसळून चारावी आणि तिचे दूध ब्राह्मणाने औषध म्हणून घ्यावे. पूर्वी हे वाचून मला हसू येई. म्हटले, ही धर्माला दिलेली हुलकावणीच होय! आज तितके हसू येत नाही. त्या दूध पिणाऱ्यास आपण काय पितो हे निदान ठाऊक तरी होते.

आधुनिक शास्त्राचे मतही सांगितले पाहिजे. लसूण ठेचली की तिच्यातील दोन निरनिराळे घटक एकत्र येऊन ॲलिसिन हे उग्र द्रव्य तयार होते. 1944 साली अमेरिकेत ते वेगळे काढण्यात आले. अखंड पाकळी शिजविल्यास ते फारसे तयार होत नाही. लसणीच्या गोळ्यांनी उच्च रक्तदाब थोडा उतरतो, असे काही प्रयोगांत आढळले आहे. पण वैद्यकीय औषध सोडून तिच्यावर विसंबावे इतका नाही. शिवाय ती रक्ताची गोठण्याची शक्ती कमी करू शकते.

माझे तीर्थरूप देवळात पुजारी आहेत. हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी ते रोज घेतात. कोणीतरी लसणीच्या गोळ्यांची शिफारस केली; त्यांनी साफ नकार दिला. मी त्या आणल्या, साध्या डबीत भरल्या आणि “शक्तीच्या आहेत” असे सांगून त्यांना देऊ लागलो. नकळत खाल्ल्याचा दोष अल्प, तोही मी माझ्या माथी घेईन, असा माझा हिशेब. पुत्रधर्म बजावल्याचा थोडा अभिमानही होता, हे कबूल करतो.

पंधरवड्याने त्यांची दाढ काढावयाची ठरली. दंतवैद्यांनी विचारले, “आणखी कोणते औषध चालू आहे?” वडिलांनी हृदयविकाराच्या औषधांची नावे सांगितली, शक्तीच्या गोळ्यांचाही उल्लेख केला, आणि पुढे म्हणाले, “त्यात काही नाही.” आयुष्यात खोटे न बोललेला माणूस माझ्यामुळे असत्य बोलला, आणि तेही स्वतःच्या रक्ताविषयी! मी क्षणभर गप्प बसलो. तो क्षण मला आजही टोचतो. मग सारे सांगून टाकले. दाढ काढणे त्या दिवशी पुढे ढकलले गेले.

दोष माझ्या माथी घेण्याचा माझा हिशेब तिथेच फसला. पाप वाटून घेता येईल की नाही, ते शास्त्री जाणोत. रक्तस्राव झाला असता, तर तो त्यांच्याच हिरडीतून झाला असता. रोग्याच्या हितासाठी त्याला फसवावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याचे शरीर, त्याच्याच हातून आपण त्याची राखण काढून घेतो, हे ते ध्यानात घेत नाहीत.

घरी आल्यावर वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच तू विचारलं नाहीस.” दुसऱ्या दिवशी त्यांनी उपोषण केले, आणि देवळातील पूजा धाकट्या काकांकडे सोपविली. मीही उपोषण करतो म्हटले, तर आईला म्हणाले, “याला वाढ.” त्या दिवशी ताटावर बसून जेवणे मला फार जड गेले.

आता औषधे मीच आणतो. ते चष्मा लावतात, डबीवरचा कागद उजेडाकडे धरून शेवटपर्यंत वाचतात, आणि मगच गोळी तोंडात टाकतात.