खाडाखोड नसलेली वही

जुन्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजचा व्यवहार घडेल तसा कीर्दीत उतरे आणि तोच पुढे ज्याच्या त्याच्या नावाने खतावणीत जाई. गिऱ्हाइकाचा डोळा रकमेइतकाच आणखी एका गोष्टीवर असे : पानावर कोठे खाडाखोड तर नाही ना? ती दिसली की मन साशंक होई. ज्या तंत्राविषयी आम्ही येथे लिहीत आहोत त्याचे मर्म या एका शब्दात आहे. ब्लॉकचेन म्हणजे खाडाखोड लपवता येणार नाही अशी वही. आणि माणसांच्या पैशाअडक्याबरोबर ती आता यंत्रांच्या आपापसातील देवघेवीसाठीही उघडली जात आहे. अशी वही हाती आली म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. ती गरज खरोखरच उरत नाही काय, हा प्रश्न आम्हांला तंत्राचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो.

यंत्रे एकमेकांशी बोलू लागली आहेत. फाटकावरचा कॅमेरा, नव्या धर्तीचा विजेचा मीटर, आजोबांच्या मनगटावरचे नाडी मोजणारे घड्याळ, ही सारी आपापली मोजमापे इंटरनेटवरून दूरच्या संगणकांना कळवीत असतात. घरच्या माणसांना या संभाषणाचा पत्ताही नसतो. 2016 साली त्याची फळे दिसली. कारखान्यातून निघताना घातलेला सांकेतिक शब्द ज्यांच्या मालकांनी कधी बदललाच नव्हता, असे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर 'मिराई' नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅमने ताब्यात घेतले. त्याची करामत एवढीच, की नेहमीचे साठेक सांकेतिक शब्द तो एकामागून एक लावून पाही. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशा उपकरणांनी डिन या अमेरिकन कंपनीच्या यंत्रणेवर एकाच वेळी भडिमार केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी नावाजलेली संकेतस्थळे कित्येक तास नीट उघडेनात. ज्यांच्या घरचे कॅमेरे या हल्ल्यात सामील होते त्या गृहस्थांना आपल्या दारातून दगड गेल्याची वार्ताही नव्हती.

अशा वेळी दोन गोष्टी पडताळाव्या लागतात. बोलणारे यंत्र खरोखर तेच आहे ना? आणि त्याचे बोलणे वाटेत कोणी बदलले तर नाही ना? ब्लॉकचेनची कूळकथा यांपैकी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघा संशोधकांनी 1991 साली संगणकावरील दस्तऐवजाला काळाचा शिक्का कसा मारावा याची रीत मांडली. दस्तऐवजातून गणिताने एक ठसा काढायचा, आणि प्रत्येक नव्या ठशात मागचा ठसा गुंफायचा. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि त्यामागून येणारी सारी साखळी विसंगत ठरते. 1995 पासून त्यांच्या कंपनीने असे ठसे दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापण्यास आरंभ केला. घरोघर गेलेला प्रत्येक अंक परत आणून कोण बदलणार? ही कल्पना आम्हांला फार आवडते. तिच्यात साधेपणा आहे आणि थोडा खट्याळपणाही. पुढे 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने (किंवा व्यक्तींनी) वृत्तपत्राचीही गरज काढून टाकली : वहीच्या प्रती असंख्य संगणकांवर ठेवायच्या आणि नवे पान सर्वांनी ठरलेल्या नियमाने स्वीकारायचे. बिटकॉइन तेथून जन्मले.

उपकरणांच्या बाबतीत हीच रीत अशी वापरतात. प्रत्येक उपकरणाला स्वतःची गुप्त किल्ली दिली जाते. तिने ते आपल्या निरोपावर सही करते, आणि ती सही कोणालाही पडताळून पाहता येते. चिमुकल्या सेन्सरला सगळी वही पेलवत नाही. म्हणून मोजमापे अन्यत्र साठवून त्यांचा ठसा तेवढा वहीत उतरवतात. 2015 साली आयबीएम आणि सॅमसंग यांनी या मार्गाने स्वतःची साबणपूड स्वतःच मागवणारे धुलाईयंत्र दाखवले होते. साबणपुडीसाठी केवढा हा खटाटोप, असे कोणा गृहिणीला वाटले तर तिला दोष देता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वहीत उतरलेले पुसता येत नाही, हे मान्य. पण वहीत उतरले ते खरे होते, हे कोणी ठरवले?

बहुतेक लशी 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. आपल्या देशात 2015 पासून उभ्या राहिलेल्या ई-विन यंत्रणेत लसकेंद्रांतल्या शीतकपाटांत तापमान नोंदणारी उपकरणे बसवली आहेत. ती स्वतःहून आपले आकडे कळवतात. या यंत्रणेत ब्लॉकचेन नाही, पण असावी असे समजून चला. वीज गेली आणि कोणी सेन्सर तेवढा उचलून बर्फाच्या पिशवीत ठेवला, तर काय होईल? उपकरण 5 अंश म्हणेल. सही अस्सल असेल, ठसा बिनचूक असेल, साखळी अभंग असेल, आणि लस फुकट गेलेली असेल. पुढे एखाद्या बालकाला रोग झाला तर ही वही त्या कामचुकाराच्या बाजूने साक्ष देईल. साक्षीदाराला फितूर होण्याची गरजच पडली नाही, कारण त्याला दाखवलेलेच खोटे होते.

हे आमचे काल्पनिक उदाहरण झाले. घडलेले याहून मोठे आहे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर उघड आरोप ठेवला. तिच्या डिझेल मोटारींतील संगणकाला आपली चाचणी चालू आहे हे ओळखता येई, आणि तेवढ्यापुरता तो धूर स्वच्छ करी. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जाई. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ही लबाडी भरलेली होती, असे कंपनीनेच नंतर सांगितले. चाचणीचे कागद कोणी खोडले नव्हते. आकडे जसे मोजले तसेच लिहिले गेले होते. खोटेपणा कागदापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, यंत्राच्या पोटात, माणसांनी बसून रचला होता. तो उघडकीस येण्याचा धागा मिळाला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांमुळे. मोजणीची उपकरणे गाडीत घालून त्यांनी ती प्रत्यक्ष रस्त्यावर शेकडो मैल चालवून पाहिली. त्यांना कोणा गुन्हेगाराचा सुगावा लागलेला नव्हता. कागद आणि धूर यांचा मेळ बसेना, एवढेच त्यांना दिसले आणि ते त्यांनी दडवले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की विश्वासाची गरज मिटत नाही, ती जागा बदलते. पूर्वी आपण वही राखणाऱ्यावर विश्वास टाकीत होतो. आता सेन्सर घडवणाऱ्यावर, तो बसवणाऱ्या मिस्त्रीवर आणि नियम लिहिणाऱ्यांवर टाकतो. फरक असा, की मुनीमजी समोर बसलेले असत. शिवाय एकत्र एक वही ठेवण्यालाही आधी मनाची तयारी लागते. मर्स्क ही जहाजकंपनी आणि आयबीएम यांनी 2018 साली ट्रेडलेन्स नावाने जहाजी मालवाहतुकीची अशी सामाईक वही सुरू केली. परस्परांवर विश्वास नसलेल्या व्यापाऱ्यांना जोडावे, हाच तिचा हेतू. नोव्हेंबर 2022 मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. साऱ्या व्यवसायाचे जे पूर्ण सहकार्य हवे होते ते लाभले नाही, असे कारण देण्यात आले. अविश्वासावर तोडगा म्हणून काढलेली वही सहकार्याअभावी मिटली. त्यात तंत्राचा दोष सांगितला गेला नाही.

आणि न पुसणारी वही कधीच बदलत नाही, असेही नाही. 2016 च्या जून महिन्यात इथेरियम या ब्लॉकचेनवरील 'डाओ' नामक सामाईक निधीतून कोणीतरी नियमांतील फटीचा फायदा घेऊन सुमारे 36 लाख इथर वळवले. नियमांत जे बसते ते न्याय्यच, असे मानणारे म्हणाले, त्याला ते ठेवू द्या. बहुसंख्यांना ते पटले नाही. जुलैमध्ये त्यांनी वहीचे ते पान जणू नव्याने लिहून घेतले. ज्यांना हे मान्य नव्हते ते जुनीच वही घेऊन वेगळे झाले. कोण बरोबर, याविषयी आजही मतभेद आहेत. आमचा कौल पान बदलणाऱ्यांकडे झुकतो, पण पूर्ण मनाने नव्हे. कारण आज चोराविरुद्ध वापरलेला बहुमताचा हात उद्या कोणावर पडेल, हे वही सांगत नाही.

याहून जवळचा प्रश्न घराच्या उंबऱ्यावर आहे. दारावरचा कॅमेरा, चेहरा ओळखणारी घंटा आणि बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप यांच्या नोंदी एकमेकांना जोडून कायमच्या साखळीत गुंफल्या, तर सुरक्षितता वाढेल हे खरे. त्या नोंदींत घरकामाला येणारी बाईही असणार : आज सात मिनिटे उशिरा आली, परवा पिशवी घेऊन गेली, मागल्या महिन्यात तीन खाडे. माणसांच्या संसारात अशा गोष्टी विरून जातात, आणि विरून जाव्यात. त्यांच्या विरण्यावरच कित्येक नाती टिकून असतात. युरोपात 2018 पासून लागू झालेल्या नियमांनी व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. आपल्या संसदेने 2023 साली संमत केलेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही तशी तरतूद आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे त्या बाईपुरते, कायद्याने जे मालकावर सोडले आहे ते मालकाच्या सद्सद्विवेकावरच राहते.

न खोडता फक्त भर घालायची वही आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना अपरिचित नाही. धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पुढे विवाह झाला की त्याची टीप मूळ नोंदीच्या समासात चढते. मूळ नोंद तशीच राहते. पण त्या वहीत काय उतरावे याला फार आखूड मर्यादा आहे. माणूस किती वाजता आला आणि किती वेळ थांबला, हे ती लिहीत नाही. ती कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे मुलाबाळांनाही ठाऊक असते. नोंदीत चूक वाटली तर कोणाच्या दारात जायचे, हेही.

लशीच्या शीतकपाटासाठी, औषधांच्या खोक्यांसाठी ही नवी वही जरूर वापरावी, सेन्सरवर नजर ठेवणारे जबाबदार माणूस सोबत नेमून. घरासाठी मात्र आम्ही इतक्या सहज हो म्हणणार नाही. कामाला येणाऱ्या त्या बाईने लादी पुसता पुसता एक दिवस मान वर करून विचारले, "बाई, त्या डब्यात माझं काय काय लिहून ठेवलंय?", तर तिला ते उघडून दाखवता येईल असे घरात आज कोण आहे?