शांती करणारे हात

शास्त्रपाठ : मत्तय ५:९, लूक १०:२५-३७, कलस्सै १:१९-२२



डोंगरावरील प्रवचनातील सातव्या धन्यवचनात प्रभूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. मूळ ग्रीकमध्ये येथे एकच जोडशब्द आहे व तो नव्या करारात अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचा पूर्वार्ध ‘शांती’. उत्तरार्ध ‘करणे, घडविणे’ या नित्याच्या क्रियापदापासून झालेला. भाषांतर करताना ‘शांतताप्रिय’ हा सुबक शब्द हाताशी असतो. परंतु तो येथे चालत नाही. शांतताप्रिय मनुष्य घरी बसून राहू शकतो. शांती करणाऱ्याला मात्र उठावे लागते.

स्वित्झर्लंडचे अभियंते पिएर सेरेझोल हे असेच उठले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी कर भरण्यास नकार देऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला होता. १९१९ साली हॉलंडमधील बिल्टहोवन येथे ख्रिस्ती शांतिवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत ते होते. नुसती भाषणे पुरेशी नाहीत, हे त्यांना उमगले. १९२० च्या अखेरीस फ्रान्समध्ये व्हर्दूँजवळील एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात त्यांनी मूठभर स्वयंसेवक जमविले. याच भूमीवर १९१६ साली फ्रेंच व जर्मन सैन्ये दहा महिने झुंजली होती. त्या स्वयंसेवकांत काही जर्मन होते! ज्यांच्या देशाच्या तोफांनी घरे पाडली, तेच आता फावडी घेऊन तात्पुरती घरे उभारीत होते. आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांचा आरंभ तो हा.

परंतु हे शिबिर सुमारे पाच महिनेच टिकले. जर्मन माणसे गावात असणे हे स्थानिक लोकांना व अधिकाऱ्यांना सहन होईना, आणि काम आवरते घ्यावे लागले.

त्या गावकऱ्यांना आपण दोष देऊ नये. ज्या घरातला मुलगा रणांगणावरून परतला नाही, त्या घराला शत्रूच्या हातून भिंत बांधून घेणे सोपे नव्हते. मात्र यातून एक सत्य आपल्या ध्यानी येते : मदत देण्यास जितकी कृपा लागते, तितकीच ती घेण्यासही लागते.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त आपण नेहमी त्या शोमरोन्याच्या बाजूने वाचतो. परंतु प्रभूने तो एका यहूदी शास्त्र्याला सांगितला, आणि त्या शास्त्र्याला स्वतःस ओळखण्यास सर्वांत जवळचा होता तो वाटेवर अर्धमेला पडलेला मनुष्य. ज्याचा स्पर्शही नकोसा, त्याच्याच हातून जखमा बांधून घ्यायच्या!

माझीच एक गोष्ट सांगतो. मंडळीतील एका बंधूशी माझे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. एका पावसाळ्यात आमचे छप्पर गळू लागले. तो बंधू ताडपत्री घेऊन दारात उभा राहिला. “नको, आमची सोय झाली आहे,” असे मी म्हणालो. सोय काहीच झालेली नव्हती. रात्रभर आम्ही पातेली बदलत बसलो. त्या रात्री मला कळले, मीही व्हर्दूँच्या त्याच गावात राहतो.

एनचे अपयश हा शेवट नव्हता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा सेरेझोल आपल्या देशात आले. १९३७ पर्यंत तेथील खेड्यांच्या पुनर्उभारणीत ते व त्यांचे सोबती राबले. त्या सोबत्यांत इंग्रजही होते. ज्या काळी इंग्रज आपले राज्यकर्ते होते, त्या काळी काही इंग्रज बिहारी मजुरांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत होते, आणि त्यांचे हात बिहारने नाकारले नाहीत.

आजही निरनिराळ्या देशांत अशी शिबिरे भरतात. आपल्या मंडळीतील तरुणांनी संधी मिळाल्यास अवश्य जावे. परंतु जाताना उपकारकर्ता होऊन जाऊ नये. परक्या गावात आपल्याला ना भाषा येते, ना वाट ठाऊक असते. तेथे आपणच प्रथम पाहुणचार घेतो, कुदळ कशी धरावी हेही गावकऱ्यांकडून शिकतो. हा नम्रतेचा धडा घेऊन जो परततो, त्याने घरचे दारही उघडावे. परदेशी जाऊन अनोळखी माणसाची भिंत बांधावी आणि इकडे सख्ख्या भावाशी अबोला धरावा, हे देवाच्या पुत्राला शोभत नाही.

धन्यवचनातील त्या जोडशब्दाचे क्रियापदही नव्या करारात एकदाच येते, ते कलस्सै १:२० मध्ये. तेथे शांती करणारा स्वतः ख्रिस्त आहे, आणि तिचे मोल त्याच्या वधस्तंभावरील रक्त आहे. आपण वैरी असताना त्याने आपल्याकडे हात पुढे केला. तो हात खिळ्यांनी विंधलेला होता. तो आपण स्वीकारला, म्हणूनच आपण ख्रिस्ती आहोत. मग दारात उभ्या असलेल्या बंधूचा हात आपण कसा नाकारावा?

प्रार्थना : हे शांतीच्या देवा, आमच्या हातांना सेवा करण्याचे बळ दे. ज्यांच्याशी आमचे वैर आहे, त्यांच्या हातून सेवा घेण्याची नम्रताही दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.