भिंतीची जाडी

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा रात्री अकरा वाजता फोन आला. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्याचा सेक्शन काढत बसली होती. सेक्शन म्हणजे इमारत उभी चिरून आतलं दाखवायचं. सुरीखाली जे आलं, भिंत, स्लॅब, पाया, ते तिरप्या रेघांनी भरायचं आणि मोकळी जागा कोरी सोडायची. पहिल्या वर्षापासून हात याला सरावलेला असतो. तिने मोकळी जागा टेप लावून नीट मोजून आणली होती: लांबी-रुंदी दोन्ही पन्नास फुटांच्या वर असलेलं दालन, मध्ये एकही खांब नाही, तीन बाजूंना भिक्षूंच्या २० खोल्या. सगळं कागदावर बसलं आणि ती अडली. "सर, भिंतीची जाडी किती दाखवू?"

मी म्हटलं, मागे डोंगर, वर डोंगर. कागद संपेपर्यंत रेघा ओढ.

तिने खरंच ओढल्या. दुसऱ्या दिवशी ज्यूरीसमोर जो कागद लागला, त्याचा बहुतेक भाग रेघांनी काळा होता आणि मध्ये खाली एक छोटा पांढरा चौकोन. कुणीतरी विचारलं, यात बिल्डिंग कुठे आहे? प्रश्न चेष्टेने आला होता, पण मला तो पुढे कितीतरी दिवस पुरला. कारण त्या कागदावर बिल्डिंग होती ती म्हणजे तो पांढरा चौकोन. रेघांचा भाग आधीपासूनच होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तिथे आणून काही ठेवलं नाही. होतं त्यातलं काढलं.

ही मुलगी जुन्नरकडची, आणि जुन्नरच्या पोरांना ही गोष्ट इतकी सवयीची की तिच्यात काही नवल आहे हे कळायला त्यांना पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जावं लागतं. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री, गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव कामं आहेत. लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या चढून जो गिरिजात्मज गणपती भेटतो, तो याच सातव्या लेण्यात, मुळातल्या बौद्ध विहाराच्या मागच्या भिंतीत आहे. दर्शनाला गेलेलं माणूस घाम पुसत त्या बिनखांबी मंडपात टेकतं आणि वर छताकडे क्वचितच बघतं. एवढ्या रुंदीचं छत खांबाशिवाय आज टाकायचं म्हटलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आधी तुळईची खोली विचारील.

खणून बांधण्याची रीत उलटी असते. आपण पायापासून वर जातो, लेणं वरून खाली येतं. आधी छत, जमीन शेवटी. कारागीर ज्या दगडावर उभा असतो तोच त्याचा पहाड, म्हणजे बांधकामावर बांबूचा बांधतात तो. तोच पुढे छिनत खाली जायचा. गवंड्याला चुकलेली वीट काढून परत लावता येते. इथे छिन्नी जास्त बसली की बसली. त्यामुळे खांब कुठे ठेवायचा हे तो कोरण्याआधी ठरलेलं असावं लागतं, कारण खांब उभारायचा नसतो, त्याच्या भोवतीचं काढायचं असतं. तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह बघा: बारा अष्टकोनी खांबांचं वर्तुळ, वर घुमट. ज्याने पहिला घाव घातला त्याच्या डोक्यात ते बारा खांब तेव्हाच उभे असणार. आणि मानमोडीवरचं भूतलेणं बघा. दर्शनी कमानीत गजलक्ष्मी इतकी निगुतीने कोरली आहे की आत जाताना अपेक्षा वाढते, आणि आत काम अर्धवट. कातळाच्या थरात मऊ पट्टा लागला की असं होतं. डोंगर आधी विचारात घेतलेला असतो, तरी शेवटचा शब्द त्याचाच असतो.

काढलेल्याचं काय केलं, हा याच हिशेबातला दुसरा भाग. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर टाकं खोदलं की निघालेला दगड तटाला लागायचा. एका खोदकामात पाणीही आणि भिंतही. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी लोक दाखवतात, आत दगडाचेच खांब सोडलेले. लेण्यांच्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला पोढी म्हणतात. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दान दिल्याची नोंद आहे, दुसऱ्यात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याची. मी हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. आजच्या भाषेत ही त्या प्रकल्पाची ब्रीफ झाली: सात खोल्या, एक पाणी. यापेक्षा नेटकी ब्रीफ मला उभ्या व्यवसायात एकाही क्लायंटने दिलेली नाही.

कॉलेजात मात्र शिकवलं जातं ते भर घालायला. साइट म्हणजे कोरा कागद, त्यावर प्रोग्रॅम, त्यावर कॉन्सेप्ट, त्यावर फॉर्म. भिंतीवर जितके कागद लागतात तितकी मेहनत दिसते. प्रत्येक प्रोजेक्टात एक कॅफेटेरिया आणि एक ॲम्फिथिएटर असतंच. का, हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. चौथ्या वर्षी याच मुलीने नारायणगाव घेतलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावच्या जत्रा कमिट्या येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. विषय उत्तम होता, आणि पहिल्या आराखड्यात सहाशे खुर्च्यांचं आरसीसी नाट्यगृह, संग्रहालय आणि अर्थातच कॅफेटेरिया होता.

मग ती पाडव्याआधी दोन दिवस राहुट्यांवर जाऊन बसली. परत आली ती गप्प. फडांना तिथे खेळ करायचाच नव्हता. तिथे ठरतो तो व्यवहार. खेळ गावोगावी. त्यांना हवं होतं नळाचं पाणी, बायकांना आंघोळीला आणि संडासला दार लागेल अशी जागा, जाण्यायेण्याला धूळ-चिखल नसलेली वाट, आणि राहुटीची खुंटी पक्की रोवता येईल अशी जमीन. दर आठवड्याला आराखड्यातून काहीतरी जाऊ लागलं. आधी कॅफेटेरिया गेला, तेव्हा मीच टाळी दिली. मग संग्रहालय, मग नाट्यगृह. शेवटी उरलं ते एक मोठं, किंचित उताराचं मैदान, कडेने चर, एका बाजूला न्हाणीघरांची लांब रांग, जमिनीत ठरावीक अंतरावर पुरलेल्या लोखंडी कड्या. राहुट्या गेल्या की उरलेलं वर्ष आठवडे बाजाराला आणि गाड्यांना मोकळं. मार्क बेताचे पडले. कागद कमी होते.

अशा कामाला आळस म्हणणारे असतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. काढणं आणि न करणं यांतला फरक कागदावर लवकर दिसत नाही. तो बघायचा असेल तर नारायणगावहून खोडदला जावं. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, परिसरातल्या शाळांची मुलं तिथे जातात. ही मुलगीही सातवीत असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढा पत्रा उघड्या माळावर उभा केला तर वारा त्याला शिडासारखा ढकलणार, आणि मग तो धक्का सोसायला खाली किती लोखंड लागेल याला सुमार नाही. म्हणून पत्राच काढला. पोलादी दोरांच्या ताणलेल्या सांगाड्यावर बारीक तारेची जाळी बसवली, छिद्रं एक ते दोन सेंटिमीटरची. आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी तिथे टिपायच्या, त्यांची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत; त्यांच्या लेखी ती जाळी अखंड आरसा आहे. वारा मात्र आरपार जातो. छिद्र किती मोठं चालेल, याचा हिशेब लहरीने आणि वाऱ्याने मिळून केलेला आहे. त्यात आळसाला जागा कुठे आहे?

काढण्याला मर्यादा कुठे, हे तिला पाचव्या वर्षी समजलं, आणि ते जुन्नरच्या शेजारी, आंबेगाव तालुक्यात. ३० जुलै २०१४ ला सकाळी तिथल्या माळीण गावावर डोंगर आला. रोजच्या वाटेने आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना. दीडशेहून जास्त माणसं गेली. कारणांची चर्चा पुढे बरीच झाली. तिच्यात मी पडत नाही. पण उताराचं गणित सर्वांना लागू आहे: लेण्यातला कातळ एकसंध असतो, डोंगरउतारावर मात्र कातळाच्या अंगावर माती-मुरुमाचा जाड थर टेकलेला असतो. तो पाण्याने जड होतो, आणि पायथ्याची माती काढली की वरच्याचा टेकू जातो. छिन्नी दोन्हीकडे तीच. काय कशाला धरून आहे हे कळल्याशिवाय ती उचलायची नाही. पुनर्वसनाचं नवं गाव आमडे इथे वसलं आणि २०१७ च्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथे भराव खचल्याच्या, भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे घातलेलंही सुटतं.

त्या पाचव्या वर्षी तिच्या थीसिसचा विषय होता माळीणच्याच भागातली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची गावं. सगळ्यांना वाटलं आपत्ती निवारण केंद्र येणार, हेलिपॅडसकट. तिने काढले नकाशे. उतार, ओढे, पावसाळ्यात पाझर फुटणाऱ्या जागा, म्हाताऱ्यांनी बोटाने दाखवलेल्या जुन्या घसरणी. मग एकेका वाडीच्या नकाशावर जिथे बांधू नये तो भाग तिरप्या रेघांनी भरला. जो कोरा राहिला तिथे शाळा, अंगणवाडी, चार घरं. लेण्याद्रीच्या कागदाशी ते नकाशे इतके सारखे दिसत होते की मला वाटलं तिने मुद्दाम केलंय. विचारलं तर म्हणाली, "नाही सर, आता तुम्ही म्हणालात तेव्हा दिसलं."

आता तिला पुढे शिकायचं आहे. कॉन्झर्वेशन की लँडस्केप हे ठरत नाही. गेटची परीक्षा देऊन दिल्ली-भोपाळ, की पोर्टफोलिओ पाठवून अहमदाबाद, की कर्ज काढून परदेश. वडील ओतूरकडे कांदा करतात. त्यांचा प्रश्न साधा आहे, की पाच वर्षं शिकून झालंय तर अजून काय शिकायचं राहिलं? मी त्यांना वास्तुविशारद अच्युत कानविंद्यांची गोष्ट सांगितली. कोकणातल्या आचऱ्याचा मुलगा, जे. जे. मध्ये शिकला, १९४५ मध्ये सरकारने हार्वर्डला ग्रोपिअसच्या हाताखाली पाठवला. परत येऊन प्रयोगशाळा बांधल्या, कानपूरची आयआयटी बांधली, मेहसाण्याची दूधसागर डेअरी बांधली. वडिलांनी सगळं ऐकलं आणि डेअरी तेवढी लक्षात ठेवली. माझं मत असं की कानविंदे तिथून जे घेऊन आले त्यापेक्षा इथल्या उन्हात त्यातलं काय चालणार नाही हे ओळखायला त्यांना जी वर्षं लागली, ती जास्त मोलाची. पण ते मी बोललो नाही. कर्जाच्या गोष्टीत असलं बोलू नये.

पोर्टफोलिओ चाळीस पानांचा झाला होता, हवा होता वीस पानांचा. मागच्या रविवारी तिच्या घरी बसून आम्ही पानं काढत होतो. पहिल्या वर्षाचा बंगला गेला, दुसऱ्या वर्षाचं रिसॉर्ट गेलं, संगणकावर चकचकीत केलेली संध्याकाळची सगळी दृश्यं गेली. लेण्याद्री राहिलं, राहुट्या राहिल्या, वाड्यांचे नकाशे राहिले. एक पान रिकामं उरलं. ती टेप घेऊन मागच्या कांदाचाळीत गेली. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, वर पत्रा, बाजूंना आणि तळाला फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या. तिने दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. एके ठिकाणी एक भरलं, पलीकडे वेगळं. वडील दारात उभे होते.

"अण्णा, ही फट नक्की केवढी ठेवता?"

"नक्की कुठली? कांदा पडू नये, वारा अडू नये, एवढी."

तिने वहीत तेच लिहिलं, आकड्याच्या जागी. मग संध्याकाळपर्यंत चाळीचा सेक्शन काढला. यावेळी तिरप्या रेघा माराव्या लागल्या त्या फक्त पट्ट्यांच्या टोकांत, पेन्सिल नीट टोकदार करून, कारण एकेक पट्टी कागदावर जेमतेम दोन मिलिमीटरची होत होती.