जीर्ण आणि चिरंतन

जपानच्या एदो काळात चौकीवर परवाना दाखवून, आणि पुष्कळदा इसेच्या यात्रेची सबब सांगून, प्रवासी ज्या नाकासेन्दो मार्गाने जात, त्याच मार्गाने आज मार्गदर्शकाच्या मागोमाग, मुक्काम व भोजन आधीच मुक्रर झालेले असताना, आपण मागोमे गावाहून खिंड ओलांडून त्सुमागो गावी उतरतो. घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत, असा करार त्सुमागोच्या रहिवाशांनी १९७१ साली केला. इसेचे शिंतो देवालय मात्र दर २० वर्षांनी नव्या लाकडात उभारले जाते. सर्व संस्कारांना, म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टींना, अनित्य मानणाऱ्या बौद्ध दृष्टीस यांपैकी कोणते अधिक मानवेल? त्सुमागोचा आग्रह मला आसक्तीच वाटतो (पर्यटकाने हे म्हणावे, हेही धाडसच!), परंतु त्या आसक्तीवाचून हा प्रश्न विचारावयास आपण येथवर आलोच नसतो.