मनातले ओठांवर आणण्याचे धैर्य

प्रीती ही परमेश्वराची देणगी आहे, असे आम्ही धर्मगुरू प्रवचनपीठावरून वारंवार सांगतो. परंतु ती प्रीती एखाद्या तरुणाच्या मनात एका विशिष्ट व्यक्तीविषयी उमलली, तर त्याने पुढे काय करावे, ह्याविषयी आमच्याकडून सहसा काहीच सांगितले जात नाही. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी वसलेल्या पिंपळनेरच्या परिसरातील श्रद्धावंत तरुण-तरुणींशी बोलताना ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. ‘फादर, मनातले तिला सांगणे पाप तर नाही ना?’ असा प्रश्न खालमानेने विचारला जातो. कोणी म्हणतो, ‘मी प्रार्थना करीत आहे, देवाची इच्छा असेल तर जुळेल.’ हे उद्गार श्रद्धेचे की भीतीचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत मुके नाही. याकोबाने राहेलविषयीचे आपले मनोगत तिच्या पित्यापुढे स्पष्टपणे मांडले, तिच्यासाठी सात वर्षे चाकरी केली आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात वर्षे तो राबला. आमच्या आदिवासी बांधवांना ही कथा परकी वाटू नये. देज देण्याची ऐपत नसेल, तर मुलीच्या घरी राबून ते फेडण्याची रीत भिल्ल व कोकणा समाजांना परिचित आहे.

रूथची कथा तर अधिकच बोलकी आहे. ती विधवा, परदेशी आणि दरिद्री होती. सासूच्या सल्ल्याने ती रात्री खळ्यावर गेली आणि बवाजाला तिने आपल्या मनातले सांगितले. पहिला शब्द स्त्रीने उच्चारला, म्हणून शास्त्राने तिला दूषण दिलेले नाही. उलट तिच्याच वंशात दावीद राजा जन्मला, आणि मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून नोंदविले. बवाजानेही तिच्या धाडसाचा गैरफायदा घेतला नाही. तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून लोक एकमेकांना ओळखू शकतील इतके उजाडण्यापूर्वीच त्याने तिला घरी पाठविले, आणि मग नगराच्या वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमक्ष तिचा प्रश्न सोडविला. तिने एकांतात बोलण्याचे धैर्य दाखविले, त्याने चारचौघांत जबाबदारी घेण्याचे. ह्यांपैकी एक असून दुसरे नसेल, तर प्रीती अर्धवट राहते.

मग ‘देवाची इच्छा असेल तर होईल’ ह्या वचनाचे काय? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी धैर्याला चार प्रमुख सद्गुणांत स्थान दिले आणि भीती व अविचारी धाडस ह्या दोहोंना ते आवर घालते, असे शिकविले. प्रार्थनेने ते धैर्य मागावे. परंतु जे आपल्या जिभेने करावयाचे, ते देवाच्या माथी मारू नये. आपण गप्प राहावे, त्या मुलीचे लग्न अन्यत्र ठरावे आणि त्याला आपण ईश्वरी इच्छा म्हणावे, ह्यात नम्रता थोडी व पळवाट अधिक आहे. तिला तर निवड करण्याची संधीच मिळालेली नसते.

तथापि बोलण्याचे धैर्य म्हणजे होकाराचा हक्क नव्हे. नासरेथात परमेश्वराने देवदूताकरवी मरियेला आपली योजना कळविली आणि तिच्या उत्तराची वाट पाहिली. सर्वसमर्थ देव जेथे एका कन्येच्या संमतीसाठी थांबतो, तेथे एखाद्या तरुणाने नकार मिळाल्यावर पाठलाग करावा, धमकवावे, बदनामी करावी, हे ख्रिस्ती मनाला कसे शोभेल? नकार ऐकून सन्मानाने मागे फिरणे, हीही धैर्याचीच कसोटी आहे.

ख्रिस्तसभेचा कायदाही ह्याच पायावर उभा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५६३ साली आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले विवाह अवैध ठरवावेत, असा आग्रह काहींनी धरला होता. परिषदेने अशा विवाहांविषयी नापसंती व्यक्त केली, पण वधूवरांची संमती हाच विवाहाचा गाभा मानला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार ही संमती अन्य कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही, आणि बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह वैध ठरत नाही. म्हणजे ज्या वेदीपुढे उभयतांनी निर्भयपणे ‘होय’ म्हणावयाचे, तिच्या वाटेवर त्यांना बोलूच न देणे विसंगत आहे.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे उदाहरण चिंतनीय आहे. १८८० साली झालेल्या त्यांच्या विवाहात, त्या काळच्या रीतीप्रमाणे, बालवधूला कोणी विचारले नव्हते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. काही वर्षांच्या दुराव्यानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० साली, आपल्या मनाची खात्री पटल्यावर, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. लग्नात न विचारला गेलेला प्रश्न जणू वीस वर्षांनी त्यांच्यापुढे आला, आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले.

म्हणून आमची विनंती केवळ तरुणांना नाही. मुलगा किंवा मुलगी घरी मनातले सांगू लागली, तर आईवडिलांनी आधी ऐकून घ्यावे. जात, जमात, शिक्षण, नोकरी ह्यांची चौकशी मागाहून करता येते. नामीसारखी सल्ला देणारी एखादी वडीलधारी व्यक्ती प्रत्येक घरात असावी. आम्हां धर्मगुरूंचे दारही ह्या बोलण्यासाठी उघडे असावे. आणि मुलीने नकार दिला किंवा पहिला शब्द तिनेच उच्चारला, तरी पाड्यापाड्यांत तिच्या नावाची चर्चा होऊ नये, ह्याची काळजी आपण सर्वांनी घ्यावी. बवाजाने रूथची घेतली होती.