गुणांवरून शाळा जोखताना

मुलांच्या गुणांवरून शाळेचे मोल ठरवण्याची कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. इंग्लंडमध्ये ती १८६२ साली थेट पैशाच्या रूपाने आली. प्राथमिक शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढत होता आणि मुलांना साधे वाचन-लेखनही धड येत नसल्याची तक्रार न्यूकॅसल आयोगाने नुकतीच केली होती. शिक्षणखाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी मग अनुदानाची सांगड निकालाशी घातली. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग आणि तपासनिसासमोर परीक्षा देणाऱ्या मुलामागे ८ शिलिंग असा हिशेब होता. वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिक्षण स्वस्त पडले नाही तर निदान परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसले तर निदान स्वस्त पडेल, असा लो यांचा युक्तिवाद होता. हिशेबनिसाला तो बिनतोड वाटावा असाच आहे.

वर्गात काय झाले, याची नोंद मॅथ्यू आर्नल्ड यांनी ठेवली. कवी आणि समीक्षक म्हणून ते प्रसिद्ध असले तरी त्यांची सुमारे ३५ वर्षे शाळा तपासण्यात गेली. मुले नेमलेले वाचनपुस्तक वर्षभर घोकत आणि परीक्षेच्या दिवशी ते ‘वाचून’ दाखवत, पण दुसरे पुस्तक समोर ठेवले की अडत. इतिहास-भूगोलाला पैसे नव्हते, म्हणून ते विषय मागे पडले. पुढच्या काळातली जवळजवळ प्रत्येक तक्रार या पहिल्या प्रयोगातच दिसते, हे विशेष. इंग्लंडने ही पद्धत १८९०च्या दशकात टप्प्याटप्प्याने मोडीत काढली.

तोवर ती बोटीने इकडे पोचली होती. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकापासून खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याचा प्रघात पडला. १८८२ च्या हंटर आयोगाने देशी प्राथमिक शाळांसाठी हाच मार्ग सुचवला आणि महाविद्यालयांना मात्र त्यातून वगळले. गावच्या पंतोजीला परीक्षेच्या काट्यावर तोलायचे आणि प्राध्यापकाला नाही, हा भेद बोलका आहे. निकालावर अनुदानाची ही पद्धत भारतात कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाबरोबर, मागे पडली. तपासणी राहिली, पण ती मुख्यतः हजेरीपट, इमारत आणि दप्तराची. शाळा चांगली म्हणजे तिला छप्पर आहे, शिक्षक प्रशिक्षित आहेत आणि फळा शाबूत आहे, असा समज पुढे अनेक दशके टिकला. तो जगभरच होता.

त्याला तडा गेला तो १९६६ साली, अमेरिकेत. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांतल्या सोयींची तफावत मोजणे, हा तिचा उद्देश होता. निष्कर्ष निघाला तो भलताच: गुणांमधला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जुळतो. ‘म्हणजे शाळेने काही फरकच पडत नाही’ असा सोयीस्कर अर्थ काहींनी काढला. त्याहून टिकाऊ परिणाम वेगळा होता. शाळेत काय ओतले यापेक्षा मुलांच्या हाती काय लागले, हे विचारण्याची सवय संशोधकांना आणि धोरणकर्त्यांना लागली. १९६९ मध्ये तिथे राष्ट्रीय नमुना चाचणी सुरू झाली. ती मुद्दाम अशी रचली होती की, कोणत्याही एका मुलाचा किंवा शाळेचा निकाल तिच्यातून निघूच नये. राज्यवार आकडे देण्याचा प्रयोगही १९९० पर्यंत झाला नाही. ज्याची कोणाला भीती नाही असा आकडा खोटा होण्याचे कारण उरत नाही, ही समज त्या रचनेत होती.

पुढच्या दशकांत ही समज मागे सारली गेली. १९८३ मध्ये देशाच्या शैक्षणिक घसरणीची दवंडी पिटणारा सरकारी अहवाल आला, राज्याराज्यांत परीक्षा वाढल्या, आणि २००२ च्या जानेवारीत ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी घ्यायची, निकाल जाहीर करायचे आणि २०१४ पर्यंत १०० टक्के मुले ठरलेल्या पातळीवर आणायची. मागे राहणाऱ्या शाळेवर पायरीपायरीने कारवाई, अगदी पुनर्रचनेपर्यंत.

या कायद्याला नावे ठेवणे आज सोपे झाले आहे, म्हणून त्याचे श्रेय आधी नोंदवायला हवे. शाळेची सरासरी पुरेशी नाही, गरीब, काळ्या, स्थलांतरित आणि अपंग मुलांचे आकडे वेगळे दाखवा, अशी सक्ती त्याने केली. चांगल्या सरासरीच्या पोटात दडलेली मुले त्यामुळे प्रथमच कागदावर दिसू लागली. आकडेवारीच नको म्हणणाऱ्यांना या मुद्द्याचे उत्तर द्यावे लागते, आणि ते सहसा दिले जात नाही.

पण मोजमाप आणि शिक्षा एकाच आकड्याला बांधली की काय होते, हे डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकातच सांगून ठेवले होते: एखाद्या आकड्यावर जितके निर्णय अवलंबून, तितका तो आकडा आणि ज्यासाठी तो घेतला ते काम, दोन्ही बिघडतात. काही राज्यांनी उत्तीर्णतेची पातळीच खाली आणली. टेक्ससमधल्या एका शाळेच्या अभ्यासात शिक्षक उत्तीर्णतेच्या उंबरठ्यावरच्या मुलांवर सगळा वेळ खर्च करताना आढळले. जी नक्की पास होणार आणि जी नक्कीच होणार नाहीत, ती मुले हिशेबातून गेली. अटलांटात २०११ च्या राज्य चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक आणि अधिकारी उत्तरपत्रिकांच्या गैरप्रकारात अडकले. कायद्याच्या निकषांनुसार एव्हाना देशातल्या जवळपास निम्म्या शाळा ‘अपयशी’ ठरल्या होत्या. २०१५ च्या नव्या कायद्याने चाचण्या ठेवल्या, पण काय कारवाई करायची हे बरेचसे राज्यांवर सोपवले.

संख्याशास्त्राची एक अडचण या गदारोळात झाकली गेली. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी दाखवले की, लहान शाळांचे निकाल दरवर्षी नुसत्या योगायोगानेही खूप वरखाली होतात. त्यामुळे यादीच्या माथ्यावरही लहान शाळा आणि तळाशीही लहान शाळाच सापडतात. जिल्हा परिषदेच्या वाडीवस्तीवरच्या शाळेला हे लगेच लागू पडते. चौथीत सहा मुले आणि चाचणीच्या दिवशी एक हुशार मूल तापाने घरी, एवढ्याने उत्तीर्णांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घसरते. अशा घसरणीचा खुलासा शिक्षकाकडे मागण्यात अर्थ नसतो.

महाराष्ट्रात गुणांवरून शाळा जोखण्याची रीत कायद्याने यायच्या आधी प्रतिष्ठेच्या वाटेने रुजली. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले चमकली आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लागला का, यावर शाळेचे नाव ठरे. त्याचे पडसादही ओळखीचेच. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला निवडक मुले बसत आणि उरलेला वर्ग आपापल्या जागी राही. दहावीचा निकाल खाली ओढेल असे मूल नववीत अडकवायचे किंवा त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचे, ही युक्ती टेक्ससच्या शिक्षकांकडून कोणाला शिकावी लागली नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. मूळ विचार असा होता की, मूल कुठे अडते हे शिक्षकाला वेळेवर कळावे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी वर्णनात्मक नोंदींच्या वह्या भरणे हेच काम होऊन बसले. त्याआधीच, २००५ पासून, ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी घरोघर जाऊन मुलांसमोर एक साधा कागद ठेवू लागली होती: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुले कधी निम्म्याच्या आसपास असतात, तर २०२२ मध्ये जेमतेम ४३ टक्के होती. पट भरला म्हणजे शिक्षण झाले, हा समज या आकड्याने मोडला. महाराष्ट्रात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत व संकलित चाचण्या राज्यभर होऊ लागल्या.

‘असर’च्या कागदाचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा ठरला. त्याची मुळे ‘असर’च्याही आधीची आहेत: मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ मध्ये ‘बालसखी’ प्रयोग झाला. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी दिवसाचे दोनेक तास वेगळे बसवून वाचन आणि आकडेमोड शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. त्यातून पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट पाडण्याची पद्धत आकाराला आली. इथे चाचणी घेणारा आणि तिच्यावरून शिकवणारा बहुधा एकच असतो, निकाल त्याच दिवशी हाती येतो आणि त्याच्यावरून कोणाची बदली होत नाही. या सगळ्या कहाणीत सर्वांत साधी म्हणावी अशी ही चाचणी आहे, आणि मूल पुढे सरकल्याचा पुरावा तिच्याच बाजूने सर्वांत भक्कम आहे.

सरकारी मोजणीचा ओढा मात्र क्रमवारीकडे राहिला. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्याचे आकडे राज्यांना श्रेणी देणाऱ्या निर्देशांकात धरले गेले. २०२०-२१ च्या निर्देशांकात महाराष्ट्र, केरळ आणि पंजाब ९२८ गुणांनी सर्वांत वर होते. त्याच सुमाराच्या एका तौलनिक अभ्यासात या सर्वेक्षणातली राज्यांची सरासरी ‘असर’पेक्षा बरीच चढी आणि राज्यांचा क्रम भलताच वेगळा दिसला. आंध्र प्रदेशात सरकारी चाचणी टॅबलेटवर घेतली, तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली कागदावर मिळालेले गुण फुगलेले असल्याचे आढळले.

आकडा खरा असला तरी काम संपत नाही, हे मध्य प्रदेशने दाखवले. तिथे शाळांचे सविस्तर मूल्यांकन झाले, प्रत्येक शाळेला श्रेणी मिळाली आणि सुधारणेचे आराखडेही तयार झाले. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी त्याची काटेकोर तपासणी केली, तेव्हा मूल्यांकन नीट झाल्याचे दिसले. पण शिक्षकांची हजेरी, शिकवण्याची पद्धत आणि मुलांचे गुण जिथल्या तिथे होते. आराखडा वर पाठवला की काम झाले, असे शाळा आणि अधिकारी दोघेही धरून चालत होते. हाच कार्यक्रम पुढे देशभरातल्या लाखो शाळांपर्यंत नेण्यात आला.