पती-पत्नीतील प्रश्न : जिव्हाळा की झडती?

पती-पत्नीने प्रश्नांची यादी समोर ठेवून एकमेकांशी बोलावे, त्याने जवळीक वाढते, असा सल्ला हल्ली वारंवार ऐकू येतो. या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध यादी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1997 सालच्या संशोधनातील आहे. विद्यार्थ्यांच्या जोड्यांना 36 प्रश्न देण्यात आले. आधी साधे, मग उत्तरोत्तर खाजगी. उत्तर दोघांनीही द्यायचे. पाऊण तासानंतर या जोड्यांना, वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा, अधिक जवळीक वाटली. मात्र एवढ्याने निष्ठा व बांधिलकी निर्माण होते, असा दावा संशोधकांनी केला नव्हता. सल्ला देणारे नेमके हेच विसरतात.

तरीही ही पद्धत परकी म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. आपल्या कित्येक घरांत निकाहानंतर वीस-वीस वर्षे 'जेवण झाले का?' आणि 'मुलांची फी भरली का?' यापलीकडे प्रश्नच जात नाहीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे घर असे नव्हते. आदरणीय आयेशा (रजि.) प्रसन्न असताना मुहम्मद (स.) यांच्या पालनकर्त्याची शपथ घेत आणि नाराज असताना इब्राहीम (अ.) यांच्या पालनकर्त्याची. एवढ्या फरकावरून आपण तुमची मनःस्थिती ओळखतो, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. आदरणीय आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली अकरा स्त्रियांची लांबलचक कथाही त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. यादी पुरुषाला प्रश्न देईल, हे कान कोठून देणार?

खरा पेच पुढे आहे. मोकळेपणाच्या नावाखाली पती विचारतो, 'निकाहापूर्वी तुझ्या आयुष्यात कोणी होते का?' हा जिव्हाळा की झडती? दिव्य कुरआनने (49:12) संशय व पाळत यांची मनाई केली आहे आणि पती-पत्नीला त्यातून सूट दिलेली नाही. पत्नीचे दोष शोधण्याच्या हेतूने प्रवासातून रात्री अचानक घरी येण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. अल्लाहने झाकलेले पाप माणसाने स्वतः उघड करू नये, हीही शिकवण आहे. म्हणून ज्याची तौबा झाली, त्या भूतकाळाचा हिशेब मागण्याचा हक्क जोडीदाराला नाही, असे आम्हांला वाटते. कुरआनने (2:187) पती-पत्नीला परस्परांचा पोशाख म्हटले आहे आणि पोशाख झाकतोही. अर्थात कर्ज, गंभीर आजार किंवा आधीचा विवाह लपविणे ही फसवणूकच; त्याची झळ जोडीदाराला आजही बसते.

मिळालेले उत्तर ही अमानत असते. पत्नीने रात्री सांगितलेली भीती सकाळी सासूच्या कानी गेली, किंवा सहा महिन्यांनी भांडणात टोमणा होऊन परतली, तर पुढचा प्रश्न कितीही सुंदर असो, 'काही नाही' एवढेच उत्तर मिळेल.